जुनवानीला तुम्ही कशाला गेला होतात, ताई?

नलिनीताई, तुमच्या तेरवीला सगळे खोटं बोलत होते.

कोणी म्हणालं, किती गोड स्वभाव. कोणी म्हणालं, शिकायला आलेल्या मुलींना आईच्या मायेनं जवळ घ्यायच्या. तुमच्या स्मृतीनगरच्या हॉलमध्ये सतरंजीवर चाळीशी-पन्नाशीच्या बायका बसल्या होत्या, एकीचं संपलं की दुसरी सुरू व्हायची. मी दाराशी बसून एकेकीच्या तोंडाकडे संशयानं बघत होते. ह्या कोणाबद्दल बोलून राहिल्या? ज्यांनी माझं पहिलं ड्रॉइंग हातातही न घेता एका बोटानं परत माझ्याकडे सरकवलं होतं, त्या बाई ह्या नव्हेत. तुम्ही असतात तर मध्येच उठून पंखा कमी केला असतात, नाहीतर चहा झाला का बघायला आत गेला असतात. स्तुती ऐकत बसणं तुम्हाला जमायचं नाही. आणि करणं तर त्याहून नाही.

तुमचे यजमान, काका, म्हणाले, ‘अश्विनी, तूही दोन शब्द बोल, तू तर तिच्या सगळ्यात जवळची.’ मी नकारार्थी मान हलवली. जवळची होते की नाही, हेच मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. आणि त्यानंतर अर्ध्या तासात जे कानावर पडलं, त्यानं तर मी जिथे उभी होते ती जमीनच हलली.

पण आधी माझं तुमच्याकडे येणं सांगते. तुम्हाला ते नीट आठवत असेलच असं नाही. मला आठवतं.

रायपूरला इंटिरियरचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते. घरी म्हणजे सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये. बाबा इथल्या स्टील प्लांटात, मूळ गोंदियाकडचे. आमच्या घरी इंटिरियर म्हणजे दिवाळीच्या आधी आई पलंग इकडचा तिकडे करायची, ते. दोन-तीन मोठ्या ऑफिसांतून मला ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलं होतं. तुमच्याकडे आले तेव्हा माझी फाइल मी छातीशी धरून ठेवली होती, आणि तुम्ही ती मागितलीच नाही. तुमच्या घराच्या पुढच्या खोलीतलं ते ऑफिस, भिंतीवर एकही चित्र नाही, एकही बक्षीस नाही. मला वाटलं, ह्या बाईंचं काम चालत नसणार.

तुम्ही विचारलंत, ‘तुमच्या क्वार्टरमध्ये कपाट कुठे आहे?’

मी सांगितलं.

‘तिथेच का?’

लहानपणापासून ते तिथेच होतं. तुम्ही म्हणालात, ‘जा, बघून ये. उद्या सांग.’

मी चिडून घरी आले. आईला विचारलं तर म्हणाली, ‘मागून भिंत ओलावते ना वं, पोपडे दिसतात. म्हणून तं ठेवलं तिथं.’ दुसऱ्या दिवशी मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘ठीक.’ तुमच्या तोंडून मी ऐकलेल्या कौतुकात पहिला नंबर अजून त्या ‘ठीक’चाच आहे.

सकाळी आल्याबरोबर माझा फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये जायचा. ‘फोटो बघितलेस की डोकं बंद होतं,’ तुम्ही म्हणायचात. ‘मग तुला वाटतं तू विचार करून राहिली, आणि तू नुसती आठवत असतेस.’ चिडलात किंवा रंगात आलात की तुमची भाषा अशी नागपूरला जाऊन यायची. तुम्ही कशावरच विश्वास ठेवायचा नाहीत. चकचकीत लॅमिनेटवर नाही, प्लायवरच्या शिक्क्यावर नाही, क्लायंटच्या ‘तुम्हीच ठरवा’वर तर मुळीच नाही. ‘हे ऐकलं की सावध हो. ज्याला आज काहीच नको असतं, तो नंतर सगळं मागतो.’ आणि कोणी माझ्या कामाला वा म्हणालं की, ‘आधी बघ, त्याला घरी जायची घाई आहे का.’

मला मात्र कोणीतरी वा म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कोणी नाही, तुम्ही. मी सगळं तुम्हाला विचारायची. पडदा छतापासून लावू की खिडकीपासून? फरशीच्या सांध्यात करडा रंग भरू की पांढरा? देवघराला दार करू की नको? तुम्ही चष्म्यावरून बघायचात. ‘तुला काय वाटतं?’ मला काहीच वाटायचं नाही, ताई. मला फक्त तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते दिसायचं. भुवई जरा वर गेली की मी खोडून टाकायची. तुम्ही ते ओळखलंत. मी काही दाखवायला आले की तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसायला लागलात. पाठमोऱ्या बाईला ड्रॉइंग समजावून सांगताना मला रडू यायचं.

मग मला दुसराच संशय यायला लागला. ह्यांनाच येत नसेल तर? पुढे त्याहून वाईट संशय आला. नेहरूनगरच्या एका घरात जिन्याखाली मुलांना वाचायला जागा करायची, ही माझी कल्पना होती. तुम्ही ती त्या जोडप्याला सांगताना म्हणालात, ‘आमचं असं म्हणणं आहे.’ आमचं! मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘बाई हुशार आहे. तुह्याच डोक्यातून काढून तुलेच विचारून राहिली.’ बाबा म्हणाले, ‘शिकून घे अन् सोडून दे.’ मी खरंच सोडणार होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोडायचं ठरवलं, त्याच आठवड्यात बोरकरांचं घर आलं.

बोरकरकाका प्लांटातल्या कोक ओव्हन विभागातून रिटायर झालेले. सगळी नोकरी क्वार्टरात गेली, आता जुनवानीला स्वतःचं घर बांधत होते. भिंती उभ्या झाल्या होत्या, नळाची कामं व्हायची होती. तुम्ही तो नकाशा माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, ‘हे तू कर. मी येणार नाही.’

मी घाबरून विचारलं, ‘एकटी?’

‘त्यांच्या क्वार्टरमध्ये एक सकाळ जाऊन बस. काही बोलू नकोस. बघ.’

मी जाऊन बसले. बोरकरकाकू, पुष्पाकाकू, स्वयंपाक करत होत्या. क्वार्टरचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, खिडकीतून समोर फक्त मागच्या गल्लीची भिंत. काकू जरा वेळ आत असायच्या आणि हातात झारा घेऊनच पुढच्या व्हरांड्यात यायच्या. कोण गेलं, कोण आलं, भाजीवाला कुठवर पोचला. परत आत. भाजी निवडायला तर पायरीवरच बसल्या. शेजारच्या कोणाशी दोन वाक्यं, समोरून जाणाऱ्या नणंदेशी चार. फोडणी जळायला लागली की धावत आत. मी न राहवून विचारलं, ‘काकू, तुम्ही भाजी रोज इथेच बसून निवडता?’

त्या हसल्या. ‘आत जीव गुदमरते माह्या. लग्न झालं तवापासून भिताडच पाहून राहिली.’

नव्या नकाशातही स्वयंपाकघर मागेच होतं. घर पूर्वेला तोंड करून होतं. मी परत येऊन स्वयंपाकघर पुढे ओढलं, रस्त्याच्या बाजूला, आग्नेय कोपऱ्यात. बैठक मागे नेली. आणि पुढच्या भिंतीत मोठी, खाली उतरलेली खिडकी काढली, तिचा कठडा इतका रुंद की आतून त्यावर बसून भाजी निवडता येईल आणि रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येईल. हे सगळं मी तुमच्या चेहऱ्याकडे न बघता केलं, कारण त्या दिवशी तुम्ही ऑफिसात नव्हतात. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात खोडरबराकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते बराच वेळ बघितलंत. मग एकच शब्द: ‘नक्की?’

‘हो,’ मी म्हणाले. आवाज कापला, पण म्हणाले.

‘मग तूच दाखव त्यांना.’

मी दाखवलं. बोरकरांचा मुलगा, राहुल, ऐकून हसायलाच लागला. ‘दीदी, किचन कोई सामने रखता है क्या? लोग आएंगे तो पहले क्या देखेंगे, कढ़ई?’ काकांनी मान खाली घातली. ते म्हणाले, ‘मिरचीचा खकाणा सगळ्या गल्लीत जाईन, पोरी.’ पुष्पाकाकू कागदावर त्या खिडकीच्या जागी बोट ठेवून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘पाहतो आमी. सांगतो तुले.’

‘कळवतो’ ह्या शब्दाचा मला जुना अनुभव होता. मी परत आले, तुम्हाला काय झालं ते सांगितलं. मी मनात राजीनामा लिहून टाकला.

आणि मग काही दिवसांनी काकूंचा फोन आला. ‘अश्विनी, तशीच कर वं खिडकी. तू दाखवली तशी.’

मी ऑफिसात उभ्याउभ्या रडले. तुम्ही नुसतं म्हणालात, ‘ड्रेनेजचा ढाळ पुन्हा काढावा लागेल. बस.’

ताई, माझं सगळं त्या फोनपासून सुरू झालं. घर उभं राहिलं. राहुलनं आधी तोंड वाकडं केलं, मग मित्रांना बोलावून दाखवायला लागला. त्यानंतर तुम्ही मला पूर्ण घरं द्यायला लागलात. कुम्हारीच्या हायवेवर एका माणसाचं दुकान आणि वर घर, तिथे मी गॅलरीच बंद करून टाकली, ट्रकची धूळ येत होती म्हणून, आणि उजेड छतातून खाली आणला. दुर्गला मोहननगरमधल्या एका डॉक्टर जोडप्याच्या घरी मी भिंती हिरव्या-निळ्या केल्या. आता मी तुम्हाला विचारत नव्हते, सांगत होते. क्लायंटसमोर माझा आवाज कापत नव्हता. घरी आईशी बोलते तशीच ‘मले असं वाटते’ म्हणून मोकळेपणानं बोलायला लागले, पुस्तकी मराठी आणायच्या मागे लागणं सोडून दिलं. लोक म्हणायचे, पोरीत दम आहे. मला वाटायचं, हो, आहे. तो दम जुनवानीच्या खिडकीतून आला होता. कोणाचाही पाठिंबा नसताना, एकटीनं दाखवलेलं एक ड्रॉइंग कोणीतरी मान्य केलं होतं.

आता तेरवीचं.

जेवणं चालू होती. पुष्पाकाकू हात धुऊन माझ्याजवळ आल्या, डोळे पुसले. म्हणाल्या, ‘चांगल्या होत्या तुह्या ताई. त्या खिडकीच्या वेळी आमच्याकडे आल्या होत्या ना. किती वेळ बसून समजावून राहिल्या होत्या...’

‘कोण आल्या होत्या?’

‘तुह्या ताईच...’ काकूंनी तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात बोरकरकाकांनी त्यांना रिक्षासाठी हाक मारली आणि त्या घाईघाईनं गेल्या.

मी पत्रावळींच्या ढिगाशेजारी उभी राहिले. तुम्ही गेला होतात. मी नाउमेद होऊन परत आल्यावर, मला न सांगता, तुम्ही बोरकरांकडे जाऊन बसला होतात. समजावत होतात. आणि मग त्यांचा फोन आला होता.

म्हणजे ते ‘तशीच कर’ माझं नव्हतंच.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुम्हाला आवडलं नसतं. मी माझ्याच कामांची झडती घ्यायला लागले. कुम्हारीचा तो माणूस गॅलरी बंद करायला इतक्या पटकन हो का म्हणाला? त्याला तुम्ही आधी फोन केला होता का? डॉक्टरीणबाई रंगाचा तुकडा बघून हसल्या होत्या, ते मला हसल्या की तुमचं बोलणं आठवून? माझ्या पाठीमागून तुम्ही प्रत्येक दार आधीच उघडून ठेवलं होतं आणि मी ते लाथेनं उघडलं म्हणून मिरवत होते? मी डॉक्टरीणबाईंना फोनही लावला. काहीतरी निमित्त काढून विचारलं, ताई तुमच्याशी रंगाबद्दल बोलल्या होत्या का. त्या म्हणाल्या, ‘नहीं तो. क्यूँ, कुछ प्रॉब्लम है क्या?’ मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. गेलेल्या माणसाची बाजू सगळेच राखतात.

तुमच्या घरी जाऊन काकांनाही विचारलं. ‘काका, ताई माझ्याबद्दल क्लायंटशी बोलायच्या?’

काका म्हणाले, ‘ती कोणाशी काय बोलायची, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही, तुला कुठून सांगू. दुखणं तरी सांगितलं का तिनं वेळेवर?’

ते खरंच. दुखणंही तुम्ही लपवलंत. ‘जरा पित्त झालंय’ म्हणून ऑफिसात यायचं बंद केलंत, आणि मी हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा तुम्ही निम्म्या झाला होतात. तरी तुमचा पहिला प्रश्न छताकडे बोट करून होता: ‘हे कोणी केलंय? दिवा बरोबर पेशंटच्या डोळ्यांवर.’ मग मोहननगरच्या रंगावरून तुम्ही माझ्याशी भांडलात. ‘सहा महिन्यांत कंटाळतील.’ मी म्हणाले, नाही कंटाळणार. ‘बघू,’ तुम्ही म्हणालात. नर्सनं मला बाहेर काढलं. ते भांडण तिथेच राहिलं, ताई. मला तुमचा हात हातात घ्यायचा होता आणि मी रंगाचं कार्ड हातात घेऊन उभी होते. ते तरी तुम्हीच मागवलं होतं.

शेवटी मी जुनवानीला गेले. अर्धं वाक्य घेऊन किती दिवस फिरणार.

सकाळची वेळ होती. काकू खिडकीच्या कठड्यावर पाय दुमडून बसल्या होत्या, मांडीवर परातीत लाल भाजी. मला रस्त्यावरूनच म्हणाल्या, ‘ये वं, दार उघडंच आहे.’ मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि फार घोळ न घालता विचारलं.

‘काकू, खरं सांगा. ताईंनी तुम्हाला ह्या खिडकीसाठी तयार केलं ना?’

काकूंचे हात थांबले. ‘तयार केलं?’

‘तुम्ही म्हणाल्या ना, समजावायला आल्या होत्या.’

‘अवं, समजावाले आल्या होत्या. पण खिडकी नको म्हणून.’

मला ऐकू आलं, समजलं नाही. काकूंनी परात खाली ठेवली.

‘तुले वाईट वाटीन म्हणून मी कधी बोलली नाही. त्या म्हणे, पोट्टी नवी आहे, हुशार आहे, पण हे तिचं चुकून राहिलं. तुमच्या जन्माची कमाई आहे, एकदाच घर होते, किचन मागंच ठेवा. राहुल खूश झाला. हे बी म्हणाले, मॅडम एवढ्या मोठ्या, त्या बरोबरच सांगून राहिल्या असतीन.’

‘मग?’

‘मग मी म्हटलं, मॅडम, तुमी माह्या क्वार्टरात आजच आल्या. ती पोट्टी येऊन सकाळभर बसली. मले विचारे, काकू, भाजी इथंच निवडता का. इतक्या वर्षांत मले कोणी विचारलं नाही, तू कुठं बसतं म्हणून. यायनं बी नाही.’ काकूंनी आतल्या खोलीकडे हनुवटीनं दाखवलं, तिथे काका पेपर वाचत होते. ‘मी म्हटलं, चुकलं तं चुकलं. माह्यं चुकीन. पण खिडकी होईन.’

‘त्या काय म्हणाल्या?’

‘काई नाही. चहा घेतला, गेल्या.’

तुमच्याबद्दल मी काय काय संशय घेतले होते, पण हा घेतला नव्हता. तुम्ही माझ्या पाठीमागून मला हात द्यायला गेला नव्हतात. तुम्ही माझं काम मोडायला गेला होतात. आणि हरून आलात. ज्यांच्या एका ‘ठीक’नं मला जग जिंकल्यासारखं वाटलं, त्या तुम्ही, एका गृहिणीसमोर, माझ्या खिडकीवरून हरलात. आणि परत येऊन मला म्हणालात, ‘ड्रेनेजचा ढाळ पुन्हा काढावा लागेल.’

मला इतका राग आला, ताई. तोंडावर का नाही सांगितलंत? ‘नक्की?’ म्हणून विचारलंत, त्यापेक्षा ‘नाही’ म्हणाला असतात. मग लगेच कळलं, तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर मी तिथेच खोडून टाकलं असतं. तुम्हालाही ते माहीत होतं. म्हणून माझ्याशी खोटं बोललात आणि क्लायंटशी खरं? की माझ्याशी न बोलता काम सावरून घ्यायला सोपं गेलं असतं, मला वाटलं असतं क्लायंटच नको म्हणाला, आणि तुमचं नाव कुठेच आलं नसतं? दोन्ही बसतं. मी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलंय. तुम्ही शिकवल्याप्रमाणे, चांगल्या वाटणाऱ्या उत्तरावर जास्त संशय घेऊन.

‘अन् पुन्हा एकदा आल्या होत्या,’ काकू म्हणाल्या. ‘वास्तू झाल्यावर. एकट्याच. इथंच बसल्या, तू बसली ना, तिथं. मी पोहे केले. रस्त्यानं आमची नणंद गेली, तिच्याशी मी बोलली, त्या पाहून राहिल्या. मी म्हटलं, आता सांगा मॅडम, कशी झाली? तं म्हणे...’ काकू थांबल्या. ‘म्हणे, मी नसतं केलं असं.’

‘नसतं केलं, म्हणाल्या? की, माझ्यानं झालं नसतं, म्हणाल्या?’

काकूंनी बराच विचार केला. रस्त्यावरून एक बाई हाक मारून गेली, त्यांनी तिला हात केला.

‘आता नाही वं आठवत. दोन्हीत काय फरक आहे?’

माझी इतक्या वर्षांची भूक त्या फरकात होती.

‘एक मात्र म्हणाल्या, तिले सांगू नका मी आली होती म्हणून. मी म्हटलं, कावून? तं म्हणे, पुन्हा माह्या तोंडाकडे पाहाले लागीन.’

मग काकूंनी माझ्या हातात परात दिली आणि त्या चहा ठेवायला उठल्या. मी लाल भाजी निवडत बसले. समोरून शाळेच्या रिक्षा गेल्या. कोणी ओळखीचं नसतानाही दोन जणांनी माझ्याकडे बघून मान हलवली, कारण त्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे बघून मान हलवायची, असं त्या गल्लीला आता वळणच पडलं होतं. मी रडत नव्हते. मी खिडकीकडे बघत होते, पहिल्यांदा निवांतपणे, दुसऱ्या कोणाचं काम बघावं तसं. कठडा जरा अजून रुंद हवा होता. एरवी, ताई, ती बरोबर आहे. तुम्ही चुकला होतात. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं असतं तर मी आणखी एकदा सुखानं भांडले असते.

तुमचा मला राग आहे. तो जाईल असं दिसत नाही. पण तुमचे उपकारही तिथेच, त्याच खोलीत बसलेत. काकूंनी तुम्हाला परत पाठवलं ते ज्या एका प्रश्नावरून, तो विचारायला मला त्या क्वार्टरमध्ये तुम्हीच बसवलं होतं. तुमच्याविरुद्ध जिंकायला जे लागतं ते तुम्हीच दिलंत आणि मग खरंच विरुद्ध उभ्या राहिलात, नाटक म्हणून नाही. निदान नाटक म्हणून नाही, असं मी धरून चालते. एवढा एक विश्वास मी तुमच्यावर पुरावा नसताना ठेवतेय.

काल स्मृतीनगरला काकांनी बोलावलं होतं. तुमचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणलाय. हॉलमध्ये सोफ्याच्या वर, दाराच्या समोर, जिथे सगळ्यांच्या घरी लागतो तिथे लावायचा म्हणून खिळाही आणून ठेवला होता. पण हातोडी हातात घेऊन ते उभेच राहिले.

‘हिला कुठे आवडलं असतं गं?’ त्यांनी मला विचारलं.

आठ दिवसांपूर्वी मी तुमचा चेहरा आठवायला लागले असते. भुवई कुठे वर जाईल, कुठे नाही. मी काकांना म्हणाले, ‘ताईंना काय आवडलं असतं ते मला माहीत नाही, काका. मला काय वाटतं ते सांगू?’

‘सांग.’

मी त्यांना आत नेलं. ते आता एकटे जेवतात, ओट्याजवळच्या लहान टेबलावर, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येतो, तिथे. काका म्हणाले, ‘एवढ्या खाली? पाहुण्यांना दिसणारही नाही.’ मी म्हणाले, ‘पाहुण्यांना कशाला दिसायला हवा?’ मी ड्रिल लावलं, फोटो टांगला, हार घालू दिला नाही. काकांनी ताट वाढून घेतलं, बसले, मान न उचलता समोर बघितलं, आणि पहिला घास घेऊन तुम्हाला म्हणाले, ‘वरणात मीठ कमी आहे.’

मी हळूच बाहेर आले.

फार खाली लागलाय, असं तुमचं म्हणणं असणार. असू दे. मी तो हलवणार नाही.